बारा वाजेपर्यंतचं मौन

सकाळी उठल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत ती बोलत नसे. या नेमाला एकतीस वर्षं झाली होती. अंगात ताप असो, घरी पाहुणे असोत, भिंतींना रंग देणारे डबे घेऊन उभे असोत, बारा वाजल्याशिवाय तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. आणि मौन म्हणजे पुरतं मौन. कागदावर लिहून दाखवणं नाही, हातवारे नाहीत, हो-नाहीसाठी मान हलवणंसुद्धा नाही. "खुणाच करायच्या तर मग बोलायला काय झालं?" असं ती बारा वाजल्यावर म्हणायची.

नेम सुरू झाला तो नोकरीपायी. एका मोठ्या इस्पितळात ती टेलिफोन ऑपरेटर होती. दुपारी एक ते रात्री नऊ अशी पाळी. दिवसभर बोलून पोट भरणारी बाई. सगळं इस्पितळ तिला ऑपरेटरबाई म्हणायचं. एका संध्याकाळी एका मुलानं परगावाहून आईची चौकशी केली. एकाच आडनावाच्या दोन बायका दोन वॉर्डांत होत्या. चार फोन एकदम वाजत होते. हिनं घाईघाईत यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "उतार आहे त्यांना, काळजी करू नका." तो निर्धास्त झाला, त्या दिवशी निघालाच नाही. उतार होता तो दुसऱ्या बाईला; त्याची आई त्याच रात्री गेली. कुणी हिला बोल लावला नाही. साहेब तर म्हणाले, होतं असं कधीकधी. पण ती घरी येऊन देवापुढे बसली ती उठेना. दुसऱ्या दिवसापासून अर्धा दिवस तिनं जीभ देवाच्या हवाली केली. उरलेला अर्धा दिवस तरी शब्द जपून वापरायची बुद्धी दे, एवढंच मागणं.

नवरा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. रस्त्याखालून कुठला नळ कुठे वळतो हे त्याला तोंडपाठ होतं. माणूस भला. आवाज चढवणं त्याला ठाऊक नव्हतं, बाहेरचा कसला नाद नव्हता. फक्त एक खोड होती, आणि ती खोड आहे हे दोघांपैकी कुणीही कधी बोलून दाखवलं नव्हतं. अवघड विषय तो सकाळीच काढायचा.

सकाळी चहाचा कप पुढे सरकवून तो म्हणायचा, "अगं, मी काय म्हणतो, भावाला वर्षभर आपल्याकडेच ठेवून घेऊ." मग तोच कारणं सांगायचा, तोच शंका काढायचा, तोच त्या फेडायचा. ती ऐकत राहायची, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू असायचं. ते हसू धंद्याचं होतं. नवी असताना थोरल्या ऑपरेटरनं शिकवलं होतं, की तोंड हसरं ठेव पोरी, हसू तारेतून पलीकडे पोचतं. ते असं काही मुरलं की ऐकायला बसली की ओठ आपोआप वर जायचे.

"हसलीस म्हणजे पटलं," तो म्हणायचा आणि कामाला लागायचा. बारा वाजता तिची जीभ मोकळी व्हायची, तोवर भावाची खाट बैठकीच्या खोलीत पडलेली असायची. आता झालेल्या गोष्टीवर कशाला तोंड उघडा, असं म्हणून ती पाळीला निघून जायची.

नवरा निवृत्त झाला आणि घराचा प्रश्न आला. राहत होते ते खात्याचं घर. तीन महिन्यांत सोडायचं. त्यानं निसर्गरम्य छोट्या गावांची यादी केली. नऊ गावं. मोठ्या कागदावर रकाने आखले: हवा, चढ, पाण्याची चव, दवाखाना किती लांब, वर्षातून धुकं किती दिवस. पाण्याच्या चवीला दुप्पट गुण. पहिलं आलं ते डोंगरातलं तळ्याकाठचं गाव. त्यानं तिथे दोन महिन्यांसाठी एक भाड्याचं घर घेतलं. "राहून बघू. आवडलं तर तेच विकत घेऊ," तो म्हणाला. अर्थात सकाळी.

गाव चित्रासारखं होतं यात वाद नाही. तळं इतकं नितळ की डोंगर उलटा दिसायचा. घर चढावर, रस्त्यापासून दारापर्यंत चौऱ्याऐंशी दगडी पायऱ्या. खिडकीतून तळं, मागच्या दारातून देवदारासारखी उंच काळी झाडं. सकाळी ती खिडकीपाशी बसून नामस्मरण करायची तेव्हा तिला खरोखर वाटायचं, याहून शांत जागा देवानं केली नसेल.

अडचण बारानंतरची होती.

शहरात ती दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती, तरी रोज दुपारी इस्पितळात जायची. दारातल्या मोठ्या दालनात एक टेबल, त्यावर चौकशीची पाटी. पगार नाही, काही नाही. घाबरलेली माणसं यायची, ती त्यांना सांगायची, "डावीकडून जा, लिफ्ट बंद आहे, पण जिना लहान आहे. पाणी प्यायलात का?" तीन तास ती बोलायची. एकेक शब्द पारखून, हळू. त्या तीन तासांसाठी सकाळ होती, असं म्हटलं तरी चालेल.

इथे पहिल्याच दुपारी ती चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरून खाली गेली. सहलीच्या गाड्या दोनला परत फिरल्या आणि तिच्या डोळ्यांदेखत एकेक दुकान मिटलं. बेकरीवाली फळ्या लावत होती.

"संध्याकाळी उघडता?" हिनं विचारलं.

"कुणासाठी? तुम्ही नव्या ना? त्या वरच्या घरात?"

"हो. बहुतेक विकत घेणार आहोत."

"घ्या की. उन्हाळाभर झकास." बेकरीवालीनं कडी घातली. "थंडी सुरू झाली की आम्हीसुद्धा खाली मुलाकडे जातो. रस्ता आठ-आठ दिवस बंद असतो. मागे राहतात ते पोस्टातले आजोबा, पण त्यांना ऐकू येत नाही."

आणि ती चालू लागली. हिनं तळ्याकाठी एक फेरी मारली. बदकांशी दोन वाक्यं बोलून पाहिली. बदकांना बोलण्यापेक्षा पावात रस होता.

घरी नवरा दुपारी जेवून आडवा व्हायचा, उठला की चित्राचं सामान घेऊन तळ्यावर. निवृत्तीनंतर चित्रं काढायची हे त्यानं तीस वर्षं मनात धरलं होतं. नळ काढून काढून हात आंबले होते बिचाऱ्याचे. अंधार पडता परत यायचा, खूश, गालांवर गार वारा घेऊन. त्या आनंदावर पाणी ओतायचं तिच्या जिवावर यायचं. मग दिवस संपायचा आणि तिच्या लक्षात यायचं, की आज बारानंतर आपण सगळी मिळून वीस वाक्यं बोललो. त्यातली सात बदकांशी.

दुसऱ्या महिन्यात तिला रात्रीची झोप लागेना. सकाळचं मौन तिनं स्वतः ओढून घेतलेलं दार होतं. कडी तिच्या हातात. दुपारचं मौन बाहेरून लावलेलं होतं. खिडकीतलं तळं तेच, झाडं तीच, पण आता ती बघत बसली की छातीवर कुणी हात ठेवून बसल्यासारखं व्हायचं.

एकदा तिनं धीर केला. जेवणाच्या ताटावर, साडेबारा वाजता.

"अहो, हे घर... मला इथे जरा कोंडल्यासारखं होतंय."

त्यानं मान वर केली. "कोंडल्यासारखं? एवढ्या मोकळ्या हवेत?"

"हवेचं नाही हो. माणसंच नाहीत."

"माणसांना कंटाळूनच तर आलो की आपण!"

"तुम्ही कंटाळलात."

तो हसला, पण घास हातातच राहिला. "अगं, आज सकाळी मी सगळं सांगितलं तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा होता. फुलासारखा. एजंटला मी निरोपही दिला. आता बारा वाजले की तुझं असं का होतं मला कळत नाही. पहिले पहिले दिवस आहेत, रुळशील." आणि तिच्या ताटात स्वतःच्या ताटातली भाजी वाढली, कारण ती तिला आवडते हे त्याला ठाऊक होतं.

ती गप्प झाली. त्या वेळी व्रत नव्हतं, तरी झाली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मुलगी दूरच्या शहरात शिक्षिका होती, शब्दाला शब्द लावणारी.

"आई, बाबा म्हणाले घर पक्कं झालं. तुला आवडलंय म्हणे."

"त्यांना फार आवडलंय ग."

"मी तुझं विचारलं."

"चित्रं काढतात दिवसभर. रंग सुधारलाय त्यांचा."

"आई! ऑपरेटरसारखी लाइन वळवू नकोस. तुला तिथे राहायचंय का?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही," ती म्हणाली. इतक्या हळू की तिचं तिलाच जेमतेम ऐकू आलं.

"मग सांग ना त्यांना!"

"सांगितलं. थोडं."

"थोडं म्हणजे काय? मीठ आहे का ते? नोंदणी कधी आहे?"

"गुरुवारी. सकाळी साडेदहाला."

मुलगी कोरडं हसली. मग म्हणाली, "सकाळी. वा. बाबांचं घड्याळ बरोबर चालतं." आणि पुढे, जरा मऊ होऊन, "मी फोन करून सांगू त्यांना?"

"नको. तुझ्या तोंडून नको." हे मात्र ती स्पष्ट म्हणाली.

बुधवारची दुपार हातात होती. तिनं ठरवलं होतं, चहाला बसलो की सांगायचं. पण त्यानं तिच्यापुढे एक कागद पसरला. नव्या घराचा नकाशा, मापात, शाई भरून. तिचा देवाचा कोनाडा, तिची खुर्ची, तिच्या औषधांचा कप्पा, रात्री उठावं लागलं तर धरायला भिंतीला कठडा. "बघ, तुझ्या गुडघ्यांचा विचार केलाय," तो म्हणाला. त्या कठड्याची लांबीसुद्धा त्यानं लिहिली होती. त्या कागदावरून हात फिरवताना तिच्या घशाशी आलेलं सगळं परत खाली गेलं.

गुरुवारी सकाळी ती पायऱ्या उतरली ती एखाद्याच्या मागून वॉर्डात जावं तशी. नोंदणी कचेरी तळ्याच्या दुसऱ्या टोकाला होती. एकमजली, आत चार बाकं, एक लाकडी कठडा, मागे निबंधकबाईंचं टेबल. डोक्यावर गोल घड्याळ. एजंट आधीच येऊन बसला होता, केस चापून, फायली मांडीवर. बोलघेवडा माणूस, त्याला समोरचा गप्प असला की जास्तच बोलावंसं वाटायचं.

"या बाई, या! अहो, आज तळं कसं दिसतंय बघितलंत? तुमच्यासाठीच नटलंय." ती हसली. ओठ आपोआप वर गेले. "साहेब, मी म्हणत होतो ना, काल दुपारी तीनची वेळ मोकळी होती, तेव्हा गर्दी अजिबात नसते. पण तुम्ही म्हणालात सकाळचीच हवी. आता बसा अर्धा तास."

नवरा फायलीची नाडी सोडत होता. त्याची बोटं थांबली.

"सकाळी डोकं ताजं असतं," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

तेवढंच झालं. तिच्या पायाखालची फरशी मात्र सरकली. इतकी वर्षं तिनं त्याच्या बाजूनं किती वकिली केली होती: त्याच्या ध्यानात येत नाही, सकाळी त्याला सुचतं, पुरुषांना वेळेचं भान नसतं. आणि त्याला भान होतं. तीनची वेळ समोर असताना त्यानं साडेदहा उचलली होती.

ती बाकावर बसून राहिली. मनात नाम चालू केलं; ते दोन फेऱ्यांनी अडकलं. कारण त्याच्यामागोमाग दुसरंही दिसायला लागलं होतं, आणि ते जास्त लागत होतं. बारा तर रोज वाजत होते. एकतीस वर्षं, रोज. भाऊ राहायला आला तेव्हाही वाजले, काल चहाच्या वेळीही वाजून गेले होते. त्यानं दार शोधलं हे खरं, पण आतून कडी तिनंच लावून ठेवली होती. नाही म्हणायची वेळ आली की ती व्रताच्या मागे जाऊन उभी राहायची, आणि मनाला सांगायची, मी देवाजवळ उभी आहे.

नाव पुकारलं गेलं. घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

निबंधकबाई पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, सर्दी झालेली. त्यांनी कागद चाळले. नवऱ्याला विचारलं, "हे घर तुम्ही स्वखुशीनं घेताय?"

"हो, अगदी स्वखुशीनं."

"आणि बाई, तुम्ही? घर दोघांच्या नावावर होतंय."

"तिचं मौन असतं बाराच्या आत," नवरा म्हणाला. "व्रत आहे. सही करील ती."

"सही करतीलच. पण विचारल्यावर उत्तर नोंदवावं लागतं मला." निबंधकबाईंनी रुमालात नाक पुसलं. "मान हलवली तरी चालेल."

"मानही हलवत नाही ती. फार कडक नेम आहे."

"कमाल आहे बाईंची," एजंट म्हणाला. "आमच्याकडे पाठवा हो चार दिवस, आमच्या हिला शिकवायला."

निबंधकबाईंनी डोक्यावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"मग बारानंतर या," निबंधकबाई म्हणाल्या.

"अहो, बाराला तुमची कचेरी बंद होते ना आज? पुढची तारीख म्हणजे पंधरा दिवस गेले. आमचं शहरातलं घर तोवर..." नवऱ्याचा आवाज पहिल्यांदाच घाईला आला. "मॅडम, चाळीस वर्षांचा संसार आहे आमचा. तिचं मन मला कळतं. बघा ना तिच्याकडे तुम्हीच. हसतेय ती."

निबंधकबाईंनी चष्मा वर केला आणि बघितलं. एजंटनं बघितलं. नवऱ्यानं तर असं बघितलं, की जणू त्या हसण्यावर त्याचा सगळा भार होता.

तिनं हसू उतरवायचा प्रयत्न केला. उतरेना. गाल दुखायला लागले, ओठ थरथरले, पण चेहरा तसाच. आपल्याच तोंडात आपण अडकलोय, असं तिला वाटलं.

"तसं लिहू का मग? संमती आहे म्हणून?" निबंधकबाईंनी पेन उचललं.

"नाही," ती म्हणाली.

स्वतःचा सकाळचा आवाज तिनं एकतीस वर्षांत ऐकला नव्हता. घोगरा होता, झोपेतून उठलेल्या माणसासारखा.

"काय म्हणालात?"

"नाही, तसं लिहू नका. म्हणजे," तिनं घसा साफ केला, आणि मग एकेक शब्द वेगळा करून, चौकशीच्या टेबलावर सांगायची तसं सांगितलं, "माझी संमती नाही. मला हे घर नको आहे."

निबंधकबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना जणू हे रोजचंच होतं. कागद गोळा करून त्यांनी फायलीत घातले आणि पुढचं नाव पुकारलं. एजंट उठला, बसला, पुन्हा उठला. "घरगुती चर्चा करा, मी आहेच बाहेर," असं म्हणून तो दुसऱ्याच दिशेला गेला.

दोघं कचेरीच्या पायऱ्यांवर आले. समोर तळं झळझळत होतं. नवऱ्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. तिला वाटलं, आता घराचं बोलेल, पंधरा दिवसांत कुठे जायचं ते विचारील. तिच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. शहरातल्या घराच्या किल्ल्या महिनाअखेर द्यायच्या होत्या, आणि तिच्या डोक्यात एका टेबलाशिवाय दुसरं काही नव्हतं.

"तू बोललीस," तो म्हणाला.

"हो."

"माझ्यामुळे तुझं व्रत मोडलं."

"मी मोडलं. देवाला मी सांगेन काय ते. तुम्ही मध्ये पडू नका."

तो पायरीवर बसला. म्हातारा दिसला, एकाएकी. फायलीची नाडी बोटाला गुंडाळत राहिला. बराच वेळ. मग मऊ आवाजात म्हणाला, "अजून अर्धा तास आहे बाराला. तू तुझं मौन पुरं कर. मी थांबतो. मग बोलू सावकाश."

किती गोड बोलला. आणि तिला कळेना, की हा तिचा नेम सांभाळतोय की तिला पुन्हा आत ढकलतोय. त्यालाही कळत नसावं. तीच तर पंचाईत होती. त्या मायेच्या आवाजाला ती आधी शंभरदा वश झाली होती, आत्ताही पाय तिकडेच ओढत होते. गप्प बसणं किती सोपं होतं. अर्धा तास, मग जेवण, मग तो आडवा होईल, मग तळ्यावर जाईल.

ती त्याच्या शेजारी बसली.

"तीनची वेळ होती," ती म्हणाली.

त्यानं नाडीचा आणखी एक वेढा बोटाला घातला.

"तीनची वेळ होती आणि तुम्ही साडेदहाची घेतलीत. आता माझं ऐका. मध्ये बोलू नका, हसलीस म्हणू नका. मी हसत नाहीये, माझं तोंडच असं झालंय." श्वास घ्यायला ती थांबली. "पोरीला अकराव्या वर्षी वसतिगृहात ठेवायचं ठरवलंत ना, ती सकाळ आठवते? मी पोरीचे मोजे घडी करत होते. तेव्हा मला काय म्हणायचं होतं, ते सांगते. तिथून सुरुवात करते."

त्यानं नाडी सोडली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि तिच्याकडे वळून बसला.